डीव्हीडीच्या जागेत लॅपटॉपची डिस्क

[टेबलाचा वरून शॉट, डिस्का पसरलेल्या]

या टेबलावर ज्या हार्डडिस्का दिसतायत त्या सगळ्या लॅपटॉपमधनं निघालेल्या आहेत. परभणीतलं हे एक रिपेअरिंगचं दुकान, मालकाला सगळे भैय्याच म्हणतात, आणि इथं येणाऱ्या गिऱ्हाईकाचं एक वाक्य ठरलेलं असतं, लॅपटॉप लई स्लो झालाय, एसएसडी टाकून द्या. एसएसडी म्हणजे आत फिरणारी तबकडी नसलेली वेगवान डिस्क. एसएसडी पडते, लॅपटॉप पळायला लागतो आणि जुनी डिस्क प्लास्टिकच्या पिशवीत घालून गिऱ्हाईकाच्या हातात दिली जाते. पुढं ती पिशवी कपाटाच्या वरच्या खणात पडून राहते नाहीतर भंगारवाल्याच्या तराजूत जाते. चालू डिस्क हो, 500 जीबीची, 1 टीबीची, काहीही बिघडलेलं नाही.

भैय्याचं म्हणणं एवढंच की ही डिस्क घरच्या डेस्कटॉपमधे लागते. आणि नुसती लागत नाही, नीट रॅक, म्हणजे डिस्क सरकवायचा कप्पा, बसवला तर पाहिजे तेव्हा काढता येते आणि तिच्या जागी दुसरी घालता येते, टॉवरचं झाकण न उघडता.

[क्लोजअप, दोन डिस्का शेजारी शेजारी]

डावीकडची डेस्कटॉपची साडेतीन इंची, उजवीकडची लॅपटॉपची अडीच इंची. बाहेरून मापली तर लॅपटॉपची डिस्क रुंदीला 70 मिलिमीटरच्या जवळपास आणि लांबीला 100 भरते, जाडी जुन्यांची बहुतेक साडेनऊ, नंतरच्यांची 7. या मापाची पहिली डिस्क 1988 साली प्रेअरीटेक नावाच्या अमेरिकन कंपनीनं काढली, तिच्यात 20 एमबी मावायचे. आज मोबाईलवर काढलेले चार-पाच फोटो टाकले की ती भरली असती.

आता मागची बाजू बघा, दोन्ही डिस्का उलट्या केल्या. जोडणी तंतोतंत सारखी. छोटी पट्टी डेटाची, 7 पिना, आणि तिच्या शेजारची लांब पट्टी पॉवरची, 15 पिना. या जोडणीला साटा म्हणतात. म्हणजे डेस्कटॉपमधे आधीच असलेली साटा केबल लॅपटॉपच्या डिस्कला सरळ लागते, मधे कुठलाही अडॅप्टर लागत नाही, आणि हेच लोकांना माहीत नसतं म्हणून ते आधी यूएसबीचा डबा शोधत बसतात. फरक आहे तो व्होल्टेजचा, मोठ्या डिस्कला मोटर फिरवायला 12 व्होल्ट लागतात, लॅपटॉपची डिस्क 5 व्होल्टवरच चालते, लेबलवर लिहिलेलं असतं, भैय्यांनी बोट ठेवलंय तिथं.

साटा आलं 2003 मधे. त्याच्या आधीच्या लॅपटॉपची डिस्क कुणी आणली तर ती अशी दिसते. बारीक बारीक पिना, 44, दोन ओळीत, मग एक जोडी गाळलेली आणि त्याच्यापुढं 4 पिना जास्तीच्या, त्या जंपरच्या. डेस्कटॉपच्या जुन्या डिस्कला 40 पिना आणि पॉवरची वायर वेगळी असायची, लॅपटॉपवाल्यात पॉवर पण त्याच 44 मधून येते. त्यामुळं कनेक्टर एक घर जरी सरकून बसला तरी भलत्याच पिनेवर पॉवर जाते. भैय्या इथं भिंगाचा दिवा ओढून घेतात, आधी गाळलेली जोडी शोधतात, मग कनेक्टर टेकवतात, दाबतात सगळ्यात शेवटी. नवीन मदरबोर्डवर या केबलला जागाच नसते, म्हणून अशा डिस्कला यूएसबी कन्व्हर्टर लावायचा, डेटा काढून घ्यायचा आणि मोकळं व्हायचं. रॅकमधे घालायच्या त्या साटावाल्याच.

[टॉवर उघडताना, धूळ ब्लोअरनं उडताना]

हा टॉवर एका फोटो स्टुडिओवाल्या काकांचा. धूळ बघा. मे महिन्यात इथं पारा 42 च्या वर जातो, दुकानं रस्त्यावर, पंखा दिवसभर चालू, ती सगळी धूळ टॉवर ओढून घेतो. आधी सफाई मग बाकीचं, आणि आत हात घालायच्या आधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावायचा, अंगातली स्टॅटिक तिथं उतरते.

काका खिशातनं डिस्क काढतात.

"भैय्या, ही पोराच्या जुन्या लॅपटॉपची हाय, चालंल का?"

"चालंल की काका, काहून नाई चालणार. आधी तब्येत बघू द्या तिची."

तब्येत बघायची म्हणजे ही. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, डिस्क लावली की निळा चौकोन आला तर बरी, पिवळा आला तर सावध. पण भैय्या नुसता रंग बघून सोडत नाहीत, खालच्या यादीत 05 नंबरची ओळ बघतात, तिच्यात किती सेक्टर, म्हणजे डेटा लिहायचे डिस्कवरचे बारीक तुकडे, खराब होऊन बदलले गेले ते कळतं, आणि सी5 ची ओळ, तिच्यात वाचता न येणारे, निकाल न लागलेले सेक्टर असतात. तिथं शून्य नसेल आणि आकडा वाढत चालला असेल तर त्या डिस्कवर भरवसा नाही, मग ती कितीही नवी दिसू द्या. सी7 चा आकडा वाढायला लागला तर मात्र डिस्कला दोष द्यायच्या आधी केबल बदलून बघायची. काकांची डिस्क निळी आहे, 05 ला शून्य, सी5 ला शून्य.

[डीव्हीडी रायटर बाहेर ओढताना]

आणि आता या व्हिडिओतला सगळ्यात कामाचा भाग. टॉवरच्या तोंडाशी हा डीव्हीडी रायटर आहे ना, शेवटची डीव्हीडी कधी लावली होती ते काकांना पण आठवत नाही. दोन्ही बाजूचे स्क्रू काढले, मागनं दोन केबल काढल्या, पुढं ओढला. जी जागा मोकळी झाली ती सव्वापाच इंची. आणि मागं ज्या दोन केबल लोंबतायत त्या बघा, एक साटाची डेटा केबल, एक साटाची पॉवर. लॅपटॉपच्या डिस्कला याच दोन लागतात. म्हणजे जागा आहे, डेटा आहे, पॉवर आहे, सगळं आयतं.

या जागेत हा रॅक बसतो. पुढून दार, दाराला खटका, आत मागच्या भिंतीवर कनेक्टर पक्का बसवलेला. एका डिस्कचे रॅक मिळतात, याच जागेत 4 डिस्का बसवणारे पण मिळतात, 6 वाले पण आहेत पण त्यातल्या काहींत फक्त 7 मिलिमीटर जाडीच्याच जातात, तिथं साडेनऊची डिस्क असेल तर ती अडकते, घेताना जाडी मापून घ्या. काही रॅकला ट्रे असतो, डिस्क ट्रेवर कसायची मग ट्रे आत. काहींना ट्रे नसतो, दप्तरात वही सरकवावी तशी डिस्क नुसती आत जाते. काका रोज डिस्क बदलणार म्हणून भैय्यांनी बिनट्रेचा घेतलाय.

रॅकच कशाला, केबल हातानं काढली घातली तर काय होतं, असं लोक विचारतात. तर टॉवरमधल्या साध्या साटा केबलचा कनेक्टर 50 वेळा काढघाल सोसेल असा बनवलेला असतो आणि रॅकच्या भिंतीवरचा 500 वेळा. रोजच्या कामात 50 म्हणजे दोन महिने पण नाही. शिवाय डिस्कच्या बाजूची ती प्लास्टिकची जीभ केबल वाकडी ओढली की तुटते आणि ती तुटली की डिस्क कामातनं गेली.

ट्रेवाला रॅक असेल तर स्क्रू बारीकच वापरायचे, एम3 मापाचे आणि आखूड. डेस्कटॉपच्या डिस्कचा स्क्रू जाड आट्याचा असतो, तो यात जबरदस्तीनं पिळला की आटे गेले, आणि लांब स्क्रू घातला तर आत जाऊन बोर्डाला लागतो.

[क्लोजअप, जळालेला अडॅप्टर]

हे काळं झालेलं दिसतंय ते पॉवरचं अडॅप्टर, जुन्या चार पिनाच्या वायरीवरनं साटा करून देणारं. ज्याच्या तोंडाशी वायरी प्लास्टिकमधे ओतून बसवलेल्या असतात तसलं घेऊ नका, आत वायर सरकते, एकीला दुसरी लागते, आणि पेटतं. सप्लायमधनं थेट आलेली साटा वायर असेल तर तीच वापरा, नसेलच तर ज्यात प्रत्येक वायर वेगळी दाबून बसवलेली दिसते ते अडॅप्टर घ्या. चार डिस्कांचा रॅक असेल तर तिथं कंजुसी नकोच.

[बायोसची स्क्रीन]

रॅक बसला, झाकण लागलं, पण काम अर्धंच झालंय. पीसी चालू असताना डिस्क काढायची घालायची असेल तर बायोसमधे, म्हणजे विंडोज उघडायच्या आधी येणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमधे, दोन गोष्टी बघाव्या लागतात. साटाचा मोड एएचसीआय पाहिजे, आणि ज्या पोर्टला रॅक जोडलाय त्या पोर्टसमोर हॉट प्लग, म्हणजे चालू पीसीत डिस्क काढायघालायची सोय, चालू पाहिजे. दुसरी गोष्ट सोपी आहे. पहिलीत लोक फसतात, जुन्या पीसीत मोड आयडीई, म्हणजे आधीच्या पद्धतीचा, असतो, तो बदलून सरळ रीस्टार्ट केला की विंडोज उघडत नाही, निळी स्क्रीन येते. म्हणून आधी विंडोजमधे एमएसकॉन्फिग नावाच्या सेटिंगमधनं सेफ मोड, म्हणजे मोजक्याच गोष्टींवर विंडोज उघडायची पद्धत, लावायचा, मग रीस्टार्ट करून बायोसमधे मोड बदलायचा, एकदा सेफ मोडमधे उघडू द्यायचं, मग सेफ मोड काढून टाकायचा. आणि काकांच्या डिस्कमधे पोराचं जुनं विंडोज पण आहे, म्हणून बूटच्या यादीत टॉवरची स्वतःची डिस्क पहिल्या नंबरला ठेवली, नाहीतर पीसी पोराच्या विंडोजमधे जाऊन उघडायचा.

[डिस्क आत जाताना, खटका लागतो, लाईट लागते]

साटाच्या कनेक्टरमधे काही पिना इतरांपेक्षा किंचित लांब असतात, अर्थिंगच्या पिना आधी टेकतात आणि डेटाच्या नंतर, म्हणून चालू पीसीत डिस्क घातली तरी झटका बसत नाही. जुन्या 44 पिनावाल्यात ही सोयच नव्हती.

काढताना मात्र घाई नको. खाली घड्याळाजवळ सेफली रिमूव्हचं चिन्ह असतं, त्याच्यातनं डिस्क बंद करायची, लाईट गेली की थोडं थांबायचं, मग खटका उघडायचा. हे थांबणं कशासाठी ते भैय्यांनी काकांच्या हातातच दाखवलं. पॉवर नुकती तोडलेली डिस्क तळहातावर ठेवली आणि म्हणाले, जरा वाकडी करून बघा. बघा काकांचा चेहरा. आत तबकडी मिनिटाला 5400 च्या वेगानं फिरत असते, पॉवर गेल्यावर पण थोडा वेळ फिरतच राहते, आणि तोवर डिस्क हातात वळायला विरोध करते, चक्क जाणवतं. तो विरोध संपला की मग न्या कुठं न्यायची तिथं.

काकांची एक पोर्टेबल डिस्क मागं चालू असताना टेबलावरनं पडली, त्यात काही लग्नांचं शूटिंग होतं, ते परत मिळालं नाही.

[स्टुडिओतला कप्पा, डिस्कांवर पांढऱ्या पट्ट्या]

आता स्टुडिओत. प्रत्येक डिस्कवर पांढरी पट्टी, मार्करनं नाव. जिंतूर, मानवत, पाथरी, सेलू, गंगाखेड, पूर्णा. तालुक्याप्रमाणं लावलंय, कारण गिऱ्हाईक तारीख विसरतं, गाव विसरत नाही. पलीकडच्या कप्प्यात प्रत्येक डिस्कची दुसरी कॉपी, ती स्टुडिओत राहत नाही, रात्री घरी जाते. एका डिस्कवर असलेली गोष्ट सुरक्षित नसते हे भैय्या येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात आणि आम्ही पण सांगतोय.

वेळेचं पण बघा. 300 जीबीचं एक लग्न जुन्या यूएसबी 2 च्या डब्यातनं कॉपी करायला पावणेतीन तासाच्या आसपास लागतात, तेच रॅकमधनं 50-55 मिनिटात होतं, कारण डिस्क सेकंदाला 100 एमबीच्या आसपास देऊ शकते आणि यूएसबी 2 तिला 30 वरच अडवतं. लग्नसराईत लाईट जायच्या आत कॉपी पूर्ण होणं याला इथं किंमत आहे.

[स्क्रीनवर जुनं शूटिंग, हळदीचा कार्यक्रम, आजीबाई ओवी म्हणतायत]

हे याच डिस्कवरनं लावलंय.

[ओवीचा आवाज पूर्ण, निवेदन नाही]

क्लाउडवर का नाही टाकत, असं शहरातली पोरं विचारतात. एवढं शूटिंग चढवायला लागणारं नेट आणि महिन्याचं भाडं धरा, आणि भाडं थांबलं की काय होणार ते पण धरा. गावाचं शूटिंग गावात, स्वतःच्या कपाटात असलं पाहिजे, असं आमचं स्पष्ट मत आहे. आणि त्यासाठी डिस्का विकत आणायच्या आधी तालुक्यातल्या कपाटांमधे पिशवीत पडलेल्या आहेत त्या वापरा.

मग सगळं एसएसडीवरच ठेवलं तर? कपाटात ठेवायला एसएसडी नको. वापरून झिजलेली एसएसडी बिनपॉवरची ठेवली तर 30 डिग्रीला एक वर्ष डेटा टिकावा एवढीच तिच्या मानकाची अपेक्षा आहे, आणि आपल्याकडं उन्हाळ्यात बंद खोलीतलं कपाट 30 वर थांबत नाही. कामाला एसएसडी, साठवायला ही फिरणारी, आणि ती पण वर्षातनं एक-दोनदा लावून बघायची, 05 आणि सी5 परत तपासायचे.

[काउंटर, गिऱ्हाईक डिस्क दाखवतंय]

दुकानात डिस्क घेऊन येणाऱ्यांसाठी भैय्यांचं सांगणं. लॅपटॉपला विंडोज 10 किंवा 11 असेल तर डिस्क काढायच्या आधी बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय, चालू आहे का बघा आणि बंद करून घ्या, नाहीतर डेस्कटॉपला लावल्यावर ती 48 आकडी की मागते आणि की नसेल तर भैय्या काय, कुणीच उघडू शकत नाही. आणि बाजारातली पोर्टेबल डिस्क फोडून रॅकमधे घालायचा विचार असेल तर थांबा, कित्येकांच्या आत साटाची जोडणीच नसते, यूएसबी सरळ बोर्डावरच असते, आणि काहींचा डेटा तो बोर्डच लॉक करून लिहितो. तसली डिस्क तिच्या डब्यासकट आणा, फोडून आणू नका.