पहिल्या लढाईत पळालेला पोरगा

(दृश्य: नदीकाठचं धुकं. पैलतीरावर शत्रूच्या शेकोट्यांचे लाल ठिपके.)

सन १८६३. अमेरिकेतलं व्हर्जिनिया राज्य. उत्तर आणि दक्षिण यांच्यात यादवी पेटून दोन वर्षं झाली आहेत. रॅपहॅनॉक नदीकाठी उत्तरेच्या फौजेचा तळ पडलाय. तिथल्या एका झोपडीत हेन्री फ्लेमिंग नावाचा कोवळा पोरगा छताकडे बघत पडलाय. लवकरच चाल करून जायचंय, अशी आवई उठली आहे. एकच प्रश्न त्याला झोपू देत नाही. गोळ्या सुटायला लागल्यावर मी पळालो तर?

हा हेन्री प्रत्यक्षात कधी नव्हताच. स्टीफन क्रेन या अमेरिकन लेखकाने 'द रेड बॅज ऑफ करेज' या कादंबरीत त्याला घडवलं. कादंबरी १८९५ साली पुस्तकरूपाने आली, तेव्हा क्रेनला चोवीस वर्षंही पूर्ण झाली नव्हती. त्याचा जन्मच मुळी १८७१चा, युद्ध संपल्यानंतर सहा वर्षांनी. लढाई म्हणून त्याने डोळ्यांनी पाहिलेली नव्हती. तरीही हा माणूस त्या युद्धात लढला असणार, असं अनेक वाचकांनी धरून चाललं. जुन्या सैनिकांच्या आठवणी त्याने मासिकांतून वाचल्या होत्या. त्यांच्याबद्दल त्याची एकच तक्रार होती: काय केलं ते सगळे सांगतात, काय वाटलं ते कोणीच सांगत नाही.

(दृश्य: शेतावरचं घर. बटाटे सोलणारे हात.)

हेन्री घरून निघाला तेव्हा त्याला वाटलं होतं, आई काहीतरी भारदस्त बोलेल. जुन्या वीरकथांतल्या माता बोलतात तसं. आई बटाटे सोलत बसली होती. आठ जोड मोजे विणलेत म्हणाली. ब्लॅकबेरीचा मुरंबा बांधून दिलाय म्हणाली. आणि मरायची किंवा काही हलकं करायची वेळ आलीच, तर माझा विचार करू नकोस, जे योग्य तेच कर, असंही म्हणाली. पोराला ते सगळं कंटाळवाणं वाटलं. पुढे त्याच्यावर जे जे गुदरलं, त्याचा अंदाज त्या माउलीला होता असं मला नेहमी वाटतं.

तळावर तो आपल्या गावच्या जिम कॉंकलिनला आडून आडून विचारतो: आपल्यातलं कोणी पळेल का रे? जिम सरळ सांगतो. सगळे पळायला लागले तर मीही पळेन, सगळे उभे राहिले तर मीही उभा राहीन. ते ऐकून हेन्रीला हायसं वाटतं. त्याला मरणाची भीती नाही असं नाही. पण त्याहून मोठी भीती आहे ती बाकीच्यांच्या नजरेची. आपण आतून घाबरट आहोत हे यांना कळलं तर?

(दृश्य: धूर. गज आपटल्याचा आवाज.)

पहिला हल्ला येतो तेव्हा हेन्री पळत नाही. ठासणीच्या बंदुका त्या. प्रत्येक बार उडाल्यावर तापलेल्या नळीत गज घालून दारू-गोळी ठासायची, मग पुढचा बार. धुराने डोळे चुरचुरतात, घशाला कोरड पडते, हात मात्र चालत राहतात. हल्ला परततो. जिंकलो! पोरं एकमेकांचे हात हातात घेतात. आणि तेवढ्यात शत्रू पुन्हा येतो. क्रेनची खरी नजर दिसते ती इथे. धीर सुटतो तो पहिल्या गोळीला नाही. आता संपलं म्हणून अंग सैल सोडल्यावर सुटतो. शेजारचा एक जण बंदूक टाकून धावतो, मग आणखी एक, आणि मग हेन्री. परतीचे दोर कापून टाकणारा सूर्याजी तिथे कोणी नव्हता.

पळता पळता त्याच्या कानावर येतं की रांग टिकली. मागे राहिले त्यांनी हल्ला थोपवला. आता हा समर्थन शोधू लागतो. रानात एका खारीला पाइनचं बोंड फेकून मारतो. खार पळते. बघा, निसर्गाचाच नियम आहे हा! मोठ्या समाधानात तो पुढे जातो, तर झाडाला टेकून बसलेलं एका सैनिकाचं प्रेत त्याच्याकडे बघतंय. निळा गणवेश विटून हिरवट झालाय. चेहऱ्यावरून मुंग्या चालल्या आहेत.

पुढे जखमींचा तांडा भेटतो. आपल्यालाही एक जखम असती तर किती बरं झालं असतं, असं त्याला वाटू लागतं. फाटक्या कपड्यांतला एक जखमी सैनिक मायेने चौकशी करतो, तुला कुठे लागलं रे? हेन्रीपाशी उत्तर नाही. पुढे जिम त्याच्या डोळ्यांदेखत मरतो. फाटक्या कपड्यांतला तो माणूसही आता टिकेल असं दिसत नाही, तरीही तो पुन्हा तेच विचारतो. आणि हेन्री त्याला शेतात भरकटत सोडून निघून जातो.

मला विचाराल तर या कादंबरीतला भ्याडपणा रणांगणातून पळण्यात नाही, इथे आहे.

जखम त्याला मिळते, पण कशी? पळणाऱ्या एका आपल्याच सैनिकाने बंदुकीचा दस्ता डोक्यात घातला म्हणून. पलटणीत परतल्यावर हा सांगतो, गोळी लागली. सोबती विश्वास ठेवतात, पट्टी बांधतात. दुसऱ्या दिवशी तो चवताळून लढतो, निशाण हातात घेऊन पुढे धावतो, शाबासकी मिळवतो. हे शौर्य खोटं म्हणता येणार नाही. पण ते एका लपवलेल्या गोष्टीवर उभं आहे, आणि वाचकाला ते ठाऊक आहे.

(दृश्य: खेड्यातलं किराणा दुकान.)

१८९६ साली क्रेनने 'द व्हेटरन' ही छोटी कथा लिहिली. हेन्री आता आजोबा झालाय. दुकानात गप्पा चालल्या आहेत. तो शांतपणे सांगतो, चॅन्सलर्सव्हिलला मी घाबरलो आणि पळालो. मोठ्या कादंबरीत लढाईचं नाव कुठेच नाही, ते इथे येतं. सोबत उभा असलेला नातू हादरतो. ज्याच्या नजरेत देव होतो, त्याच्यासमोर हे बोलायला काय लागत असेल! निशाण घेऊन धावण्यापेक्षा मला हे अवघड वाटतं. जिमची आठवणही तो काढतो. फाटक्या कपड्यांतल्या त्या माणसाबद्दल मात्र त्या दुकानात तो चकार शब्द काढत नाही.

त्याच कथेत पुढे त्याच्या गोठ्याला आग लागते. म्हातारा घोडे काढतो, गाई काढतो. मग आरडाओरडा होतो की मागच्या कप्प्यात दोन शिंगरं राहिली आहेत. आत गेलात तर मराल, असं सगळे बजावतात. म्हातारा आत जातो, आणि छप्पर कोसळतं.