खंदकातला अकिलिस

[दृश्य: चनाक्कलेचा धक्का. भलामोठा लाकडी घोडा, भोवती पर्यटकांची गर्दी.]

तुर्कस्तानातल्या चनाक्कले शहरात, अगदी समुद्राला लागून, हा घोडा उभा आहे. पोटात ग्रीक सैनिक लपवलेला असाच एक घोडा ट्रॉयच्या लोकांनी भेट समजून शहरात नेला आणि शहर पडलं, अशी जुनी कथा आहे. २००४ साली आलेल्या 'ट्रॉय' या हॉलिवूडपटासाठी हा घोडा बनवला होता. चित्रपटाचं काम उरकल्यावर तो या शहराला मिळाला. येणारा जाणारा त्याच्यासमोर सेल्फी काढतो. साळसूद चेहऱ्यानं आपल्या संगणकात घुसणाऱ्या घातक प्रोग्रॅमलाही जगानं याचंच नाव दिलंय, ट्रोजन.

आणि गंमत बघा. ग्रीक आणि ट्रॉय यांच्यातल्या युद्धाचं सगळ्यात मोठं काव्य म्हणजे ग्रीक कवी होमरचं 'इलियड', त्यात हा घोडा कुठेच नाही. ग्रीकांचा सर्वश्रेष्ठ योद्धा अकिलिस, त्याची ती जगप्रसिद्ध दुबळी टाचही नाही. घोड्याचा उल्लेख होमरच्याच 'ओडिसी'मध्ये येतो, पण ओझरता. तो प्रसंग रंगवून सांगितला रोमन कवी व्हर्जिलनं, कित्येक शतकांनंतर.

मग चोवीस सर्ग आणि पंधरा हजारांवर ओळी असलेल्या इलियडमध्ये आहे तरी काय?

दहा वर्षं चाललेल्या युद्धाच्या शेवटच्या वर्षातले मोजके आठवडे आहेत. सेनापतीनं भर सभेत केलेला अपमान, त्यातून अकिलिसचा संताप, त्याच्या जिवलग मित्राचा मृत्यू आणि मग सूड. बाकी माणसं मरत राहतात. एकामागून एक. पण होमर त्यांना नुसतं आकड्यात टाकत नाही. चौथ्या सर्गात ट्रॉयच्या बाजूचा सिमोइसियस नावाचा एक पोरगा येतो. त्याची आई माहेरच्यांबरोबर डोंगरावर मेंढरं बघायला गेली होती, उतरताना सिमोइस नदीच्या काठी बाळंत झाली, म्हणून हे नाव. अजून लग्नही झालेलं नाही. आई-बापाचे पांग फेडायचे राहून गेले, असं होमर म्हणतो. ग्रीक योद्धा एजॅक्सचा भाला छातीत शिरून खांद्यातून बाहेर पडतो आणि पोरगा धुळीत कोसळतो. आपली त्याच्याशी ओळख झाली त्याला जेमतेम पंधरा ओळी झालेल्या असतात.

[दृश्य: डार्डेनेल्सची सामुद्रधुनी. एका काठावर गॅलिपोली, पलीकडे आशियाचा किनारा.]

आता याच पाण्यावर १९१५ सालात येऊ.

पहिलं महायुद्ध पेटलंय. ब्रिटन आणि फ्रान्सला ही सामुद्रधुनी जिंकून इस्तंबूल गाठायचंय. गॅलिपोलीच्या टोकावर सैन्य उतरवायचं ठरतं, आणि समोरच्या काठावर, काही किलोमीटर आत, आहे हिसारलिकची टेकडी. म्हणजेच ट्रॉय. हाइनरिश श्लीमाननं ती खणायला घेतली १८७० मध्ये. त्याला मिळालेलं सोनं त्यानं बेधडक 'प्रायमचा खजिना', म्हणजे इलियडमधल्या ट्रॉयच्या राजाचा खजिना, म्हणून जगाला दाखवलं. ते सोनं त्या कथित युद्धाच्या हजारेक वर्षं आधीचं निघालं, पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

ब्रिटिश फौजेतले अनेक तरुण अधिकारी शाळेपासून ग्रीक शिकलेले होते. आपण अकिलिसच्या रणभूमीवर निघालोय, या कल्पनेनं ते अक्षरशः हरखले होते. कवी रुपर्ट ब्रूक त्यातलाच एक. त्याला रणभूमी दिसलीच नाही. डास चावल्यावरून रक्तात विष पसरलं आणि २३ एप्रिलला, सैन्य उतरायच्या दोन दिवस आधी, तो वाटेतच गेला. त्याला पुरलं स्कायरोस बेटावर. अकिलिसनं युद्धाला जाऊ नये म्हणून आईनं त्याला मुलीच्या वेषात लपवलं, ते बेट हेच, अशी दंतकथा आहे.

२५ एप्रिल. सेद्दुलबहिरच्या किल्ल्याखालचा किनारा. 'रिव्हर क्लाइड' हे कोळसा वाहणारं जुनं जहाज मुद्दाम जमिनीवर चढवलं जातं. पोटात सुमारे दोन हजार सैनिक. बाजूच्या पत्र्यांना दारं कापलेली, की जहाज टेकलं रे टेकलं की माणसं धडाधड बाहेर पडतील. कल्पना कमांडर एडवर्ड अन्विनची. ट्रॉयचा घोडाच म्हणा ना, आणि तोही ट्रॉयच्या समोरच!

पण त्या घोड्याला लोकांनी आपण होऊन शहरात ओढून नेलं होतं. इथे वर किल्ल्यात तुर्की सैनिक बंदुका रोखून वाट बघत होते. दारातून पाऊल टाकणारा तिथेच पडत होता. शेवटी उतरणं थांबवावं लागलं. उरलेले सैनिक अंधार पडेपर्यंत जहाजाच्या पोटातच अडकून पडले.

[दृश्य: इम्ब्रोस बेट. मग वहीच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीची अक्षरं.]

ब्रूकला मूठमाती देताना मानवंदनेची तुकडी ज्याच्या हाताखाली होती, तो होता पॅट्रिक शॉ-स्ट्युअर्ट. ऑक्सफर्डचा हुशार विद्यार्थी, ग्रीकमध्ये पारंगत, युद्धाआधी बँकेत नोकरीला. त्या उन्हाळ्यात त्याला थोडी रजा मिळाली, ती त्यानं जवळच्या इम्ब्रोस बेटावर काढली. परत खंदकात जायच्या वेळी त्यानं सोबतच्या कवितासंग्रहाच्या कोऱ्या पानावर एक कविता लिहिली. त्यात तो अकिलिसला विचारतो: मरणं इतकं अवघड होतं का रे? आणि शेवटी मागणं मागतो: डोक्यावर ज्वाळा घेऊन खंदकात उभा राहा, आणि माझ्यासाठी आरोळी ठोक.

हे मागणं हवेतून आलेलं नाही. इलियडच्या अठराव्या सर्गात अकिलिसच्या त्या जिवलग मित्राचं, पेट्रोक्लसचं, प्रेत शत्रूच्या हाती लागायची वेळ येते. अकिलिसकडे चिलखत नाही, तेही शत्रूनं नेलंय. तो नुसता खंदकाच्या काठावर जाऊन उभा राहतो. अथेना देवी त्याच्या मस्तकाभोवती ज्वाळा पेटवते. तो तीनदा ओरडतो, आणि त्या आवाजानंच ट्रोजन सैन्यात पळापळ होते.

मला ही कविता ब्रूकच्या गाजलेल्या देशभक्तीपर सुनीतांपेक्षा फार वरची वाटते. तिला मरणाची भीती लपवावीशी वाटत नाही. शॉ-स्ट्युअर्ट गॅलिपोलीतून जिवंत सुटला. ३० डिसेंबर १९१७ ला फ्रान्सच्या आघाडीवर मारला गेला. ती कविता जगापुढे आली त्याच्या मागे.

[दृश्य: १९४० चा फ्रान्स. रिकामे रस्ते.]

पुढच्या महायुद्धात फ्रान्स पडला तेव्हा तत्त्वज्ञ सिमोन वेल इलियडवर एक निबंध लिहीत होती. तिचं म्हणणं थेट होतं: या काव्याचा नायक अकिलिस नाही आणि पेट्रोक्लसला मारणारा ट्रॉयचा राजपुत्र हेक्टरही नाही, नायक आहे बळ. ते ज्याच्यावर चालतं त्याची वस्तू होऊन जाते, आणि जो ते चालवतो तोही त्यातून सुटत नाही.

बॉस्टनमध्ये व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांवर उपचार करणारे मनोविकारतज्ज्ञ जोनाथन शे यांना हेच जिवंत माणसांत दिसलं. वरिष्ठांनी केलेला दगाफटका, मग जिवलग साथीदाराचा मृत्यू, मग आपण माणूस आहोत हेच विसरायला लावणारा संताप. समोर बसलेला माणूस सांगत होता ते क्रमानं इलियडमध्ये होतं. अकिलिस हेक्टरचं प्रेत रथाला बांधून फरपटवतो, तिथपर्यंत. १९९४ मध्ये त्यांचं 'अकिलिस इन व्हिएतनाम' आलं. सैनिकांच्या मनावरच्या 'नैतिक जखमे'ची आज जी चर्चा होते, तिच्यामागे हे पुस्तक आहे.

[दृश्य: बेलफास्ट. जुनं वर्तमानपत्र.]

त्याच वर्षी, ३१ ऑगस्टला, आयर्लंडमध्ये ब्रिटिश सत्तेविरुद्ध लढणाऱ्या आयआरए या सशस्त्र संघटनेनं शस्त्रसंधी जाहीर केली. तीनच दिवसांनी 'आयरिश टाइम्स'मध्ये बेलफास्टचे कवी मायकल लाँगली यांची चौदा ओळींची कविता छापून आली. तिच्यात बेलफास्ट नाही, बॉम्ब नाहीत. म्हातारा राजा प्रायम आहे. पोराचं, म्हणजे हेक्टरचं, प्रेत मागायला तो रात्री अकिलिसच्या तंबूत आलाय. तो गुडघे टेकतो आणि ज्या हातांनी पोराला मारलं त्या हाताचं चुंबन घेतो. इलियडचा चोविसावा सर्ग, अख्ख्या काव्यातला सर्वात मोठा प्रसंग.

या प्रायमचं दुःख भारतातही गायलं जातं, असं दिओ क्रिसोस्टोम या ग्रीक वक्त्यानं जवळपास एकोणीसशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय. भारतीयांनी होमर आपल्या भाषेत नेला, अशी त्याची ऐकीव माहिती. बऱ्याच अभ्यासकांचा तर्क असा, की त्याच्या कानावर आलं होतं ते महाभारत. स्त्रीपर्वातला आक्रोश आठवला, तर त्या वक्त्याची गफलत समजण्यासारखी आहे.

त्या रात्री अकिलिस प्रायमला अंत्यसंस्कारासाठी हवे तेवढे दिवस देतो. प्रायम हिशोब मांडतो: नऊ दिवस शोक, दहाव्या दिवशी दहन, अकराव्या दिवशी समाधी. बाराव्या दिवशी लढू, लढावंच लागलं तर.

आयआरएची शस्त्रसंधी १९९६ च्या फेब्रुवारीत लंडनमधल्या एका बॉम्बस्फोटानं मोडली. पुढच्या वर्षी ती पुन्हा लागू झाली, आणि शांतता करारावर सह्या झाल्या १९९८ च्या एप्रिलमध्ये.