स्कोप किती केसला मोडतो?

ही बघा, ही मुतखडा काढायची दुर्बीण, थिएटरच्या भाषेत स्कोप. दुर्बीण म्हटलं की डोळ्यासमोर जाड नळकांडं येतं, पण ही पेनाच्या रिफिलइतकीच जाड, लांबी हातभरापेक्षा जास्त, आणि टोक हत्तीच्या सोंडेसारखं दोन्हीकडे साधारण २७० अंशात वळतं. लघवीच्या वाटेने आत जायचं, मूत्राशयातून मूत्रनलिकेत, तिथून थेट किडनीत, कुठेही चिरा नाही. या दुर्बिणीच्या पोटात कॅमेरा, लाईट, टोक वळवणाऱ्या तारा आणि १.२ मिलिमीटरचं एक भोक, त्याच भोकातून लेझरची फायबर जाते, खडा पकडायची तारेची जाळी म्हणजे बास्केट जाते, पाणी पण तिथूनच. एवढं सगळं इतक्या कमी जागेत कोंबलंय म्हटल्यावर ते नाजूकच असणार ना.

याचे दोन प्रकार. एक रियुझेबल, धुवायचा, निर्जंतुक करायचा आणि परत वापरायचा. दुसरा डिस्पोजेबल, पाकीट फोडायचं, एक ऑपरेशन करायचं, टाकून द्यायचा. २०१६ च्या आसपास चांगल्या चित्राचे डिजिटल डिस्पोजेबल स्कोप बाजारात आले आणि तेव्हापासून ऑपरेशन थिएटरमध्ये, पर्चेसच्या मीटिंगमध्ये एकच वाद चालू आहे, स्वस्त कुठला?

बहुतेक जण किंमत बघतात. तिथेच गडबड होते.

एक हिशेब मांडू, आकडे सोयीसाठी घेतलेत, खरे भाव नाहीत. डिस्पोजेबल स्कोप १०० ला. रियुझेबल १५०० ला, आणि तो १०० केस चालला असं धरू, म्हणजे केसमागे १५. धुण्याचे, केमिकलचे, माणसाच्या वेळेचे १०. आतापर्यंत २५ झाले, रियुझेबल एकदम स्वस्त. आता रिपेअर धरा, एका वेळचे ६००. दर २० केसला एक रिपेअर निघालं तर केसमागे ३०, एकूण ५५. दर १० केसला निघालं तर ८५. आणि दर ६ केसला निघालं तर? नुसतं रिपेअरच १०० आणि बेरीज १२५. स्कोप तोच, किंमत तीच, फक्त मोडायचं प्रमाण बदललं आणि निकाल उलटा झाला!

२०१७ मध्ये छापून आलेल्या एका अमेरिकन अभ्यासात वर्षभरातल्या १६० केसेस मोजल्या होत्या आणि स्कोप बिघडायचं प्रमाण होतं १२.५ टक्के, म्हणजे दर आठ केसला एकदा. त्यांच्या हिशेबात ९९ केसेसच्या पुढे रियुझेबल परवडायला लागला, त्याच्या आत डिस्पोजेबल. पण ९९ हा काही सगळीकडे चालणारा जादूचा आकडा नाही हां, तो त्या जागेचा, त्या हातांचा, त्या भावांचा आकडा आहे.

मग मोडतो कशाने? वापरून झिजतो म्हणावं तर थोडा झिजतोच, तारा सैल होतात, टोक आधीइतकं वळत नाही. पण मोठं रिपेअर बहुतेक वेळा एखाद्या क्षणातच ठरतं. खडा किडनीच्या अगदी खालच्या कप्प्यात बसलाय, टोक पूर्ण वळवून सर्जन तिथे पोचलाय, आणि आता त्या वळलेल्या अवस्थेतच फायबर पुढे ढकलली, की तिचं टोक भोकाच्या आतल्या अस्तराला ओरखडा काढतं. किंवा फायबर पुरती बाहेर यायच्या आत पायाखालचं पेडल दाबलं गेलं, लेझर आतच फुटला, झालं. म्हणून जाणते लोक स्कोप सरळ असतानाच फायबर घालतात, आणि जमलं तर खडा बास्केटने उचलून आधी वरच्या कप्प्यात आणतात आणि मग फोडतात.

आणि हो, कितीतरी स्कोप पेशंटच्या आत मोडतच नाहीत, ते धुताना मोडतात, ट्रेच्या झाकणात चिमटून, नाहीतर वेटोळं जरा जास्तच आवळून ठेवल्यामुळे. त्याचं नाव कोणाच्याच अंगावर येत नाही.

धुण्यावरून आठवलं, इन्फेक्शन. १ एप्रिल २०२१ ला अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, लघवीच्या मार्गाच्या दुर्बिणींबद्दल सावध केलं, चार वर्षांत इन्फेक्शनचे किंवा नीट न धुतल्याचे ४५० च्या वर रिपोर्ट आले होते, त्यात मूत्राशयाच्या दुर्बिणी पण होत्या, सगळे मुतखड्याचे नव्हेत. तरी एक इन्फेक्शन झालं की पेशंटचे आणखी चार दिवस ॲडमिशनमध्ये जातात, आणि ते वरच्या बेरजेत कुठेच नसतात. स्कोप रिपेअरला गेला म्हणून पुढे ढकललेली केस पण नसते.

कचऱ्याचं काय, असं विचारणार तुम्ही. मलाही वाटलं होतं की इथे डिस्पोजेबल सपशेल हरणार. २०१८ च्या एका मोजणीत केसमागे कार्बन निघाला डिस्पोजेबलचा ४.४३ किलो आणि रियुझेबलचा ४.४७, कारण एकाला बनवायला ऊर्जा लागते तर दुसऱ्याला दर वेळी धुवायला. टाकलेलं प्लास्टिक मात्र डोळ्याला दिसतं, ते दिसतंच.

म्हणून हल्ली बरेच जण दोन्ही ठेवतात. सोप्या केसला रियुझेबल, खालच्या कप्प्यातला अवघड खडा असेल किंवा नवीन हात शिकत असेल तर डिस्पोजेबल.

आता या खोलीत या. ऑपरेशन होऊन गेलंय, टेक्निशियनने स्कोपला पंप लावून आत हवा भरलीय आणि तो पाण्यात बुडवलाय, ही लीक टेस्ट. टोक हळूहळू वळवतोय, एका बाजूला, दुसऱ्या बाजूला. काही नाही. परत एकदा. वाकलेल्या जागेपाशी एक बारीकसा बुडबुडा सुटला. तो थांबला, थोडं वाट बघितली, दुसरा आला. त्याने स्कोप बाहेर काढला, पुसला, आणि रजिस्टर ओढून मागची पानं चाळायला लागला, गेल्या रिपेअरनंतर ही कितवी केस ते मोजायला.