हिला नाव नव्हतं का?

नमस्कार मंडळी.

गेल्या रविवारी आपल्या सोलापूरवरच्या प्रदर्शनाचे जुने फोटो भिंतीला लावून पाहत होतो, तेव्हा आपल्यातल्याच एकांची नऊ वर्षांची लेक एका फोटोसमोर थांबली. खाली पाटी : ‘विडी कामगार महिला, सोलापूर’. शेजारच्या लग्नाच्या फोटोखाली मात्र अकरा नावं, डावीकडून उजवीकडे. तिनं विचारलं, ‘‘हिला नाव नव्हतं का?’’

तिथं उभ्या असलेल्या कुणालाच उत्तर देता आलं नाही.

तो फोटो पुन्हा पाहा. मांडीवर सूप. डाव्या हातात पानावर दाबून धरलेला पत्र्याचा फर्मा, उजव्या हातात कात्री. तेंदूचं पान आधी भिजवून मऊ करावं लागतं, कोरडं कापलं तर चिरतं. मग तंबाखू भरायची, वळायचं, टोक दुमडायचं, दोरा बांधायचा. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबानं. फोटो काढणाऱ्यानं बोटांवरचा उजेड सुद्धा अचूक टिपलाय. नाव तेवढं विचारलं नाही.

संग्रहालयानं दालन दिलं ते शहर आणि तिथली माणसं दाखवायला. आपण काय आणलं? सिद्धेश्वराचं तळं, गड्ड्याच्या जत्रेतले नंदीध्वज, महापालिकेची इंद्रभुवन इमारत. १८७७ सालच्या जुन्या गिरणीची चिमणी आली, आत राबणारे आले नाहीत. पूर्व भागातलं एकही तेलुगू घर नाही, सेटलमेंट, म्हणजे इंग्रजांनी ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींना ठेवलेली वस्ती, नाही. १२ जानेवारी १९३१ ला फाशी गेलेल्या हुतात्म्यांची नावं आपण एका दमात घेतो : मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. ही चार नावं जिथली, ते सगळं सोलापूर भिंतीवर दिसायला हवं. आत्ता दिसतंय ते फक्त आपल्या ओळखीपाळखीचं. हे बरं नाही.

तेव्हा अल्बम परत काढा. चिकट पानांवर प्लास्टिक असलेले ते अल्बम प्रत्येकाकडे आहेत. त्यांच्या गोंदानं फोटो पिवळा पडतो आणि ओढला तर वरचा थर तडकतो. दात साफ करायचा दोरा फोटोमागून करवतीसारखा, सावकाश फिरवा. तरी सुटला नाही तर अख्खं पान स्कॅन करा. काचेला चिकटलेला फोटो सोडवूच नका, काचेसकट स्कॅन करा. चार बाय सहा इंचांचा फोटो ६०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ६०० ठिपके या हिशेबानं, घेतला की २४०० बाय ३६०० पिक्सेल मिळतात, म्हणजे २०० डीपीआयनं बारा बाय अठरा इंच छापता येतो. व्हॉट्सॲपवर पाठवायचा झाला तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर चेहरे पुसट होतात. मागची बाजूही स्कॅन करा. स्टुडिओचा शिक्का, आजीनं लिहिलेलं साल तिथंच असतं. मागं बॉलपेननं काही लिहू नका, त्याचा वळ पुढून उमटतो. मऊ पेन्सिल वापरा, गुळगुळीत कागदावर तीही उमटत नसेल तर पाकिटावर लिहा.

भिंतीवर लावायची ती प्रत. मूळ फोटोचे रंग उजेडानं उडतात. फोटोचा मध्य जमिनीपासून दीडेक मीटरवर ठेवतात, पण त्या मुलीला टाचा उंचवाव्या लागल्या. आपण सव्वा मीटरवर लावू.

आणि नावं. गावाकडच्या वडीलधाऱ्यांना व्हिडिओ कॉलवर एकेक चेहरा मोठा करून दाखवा. मधल्या खुर्चीतल्यांची नावं ते सांगतीलच. दारात उभी आहे ती कोण, हेही विचारा. घरात कन्नड, तेलुगू चालत असेल तर त्याच भाषेत विचारा, आठवण त्या भाषेत लवकर येते. हे सांगू शकणारी माणसं आता ऐंशीच्या पुढं आहेत. दिवाळीत गेल्यावर बघू, असं म्हणू नका.

विडीवाल्या बाईंच्या फोटोमागं पेन्सिलनं फक्त ‘अशोक चौक’ लिहिलंय. फोटो तिकडं पाठवलाय, अजून कुणी ओळखलेलं नाही. उद्घाटनापर्यंत नाव मिळालं नाही, तर पाटीवर ‘नाव माहीत नाही’ लिहायचं की ‘नाव विचारलं नाही’, यावर समितीत एकमत झालेलं नाही. ती मुलगी उद्घाटनाला येणार आहे.