टिक

काळा पडदा, पांढरी अक्षरं. एक ओळ उमटते: ‘द सन रायझेस इन दि ईस्ट.’ सूर्य उगवला.

हे सर्कलमड, इंटरनेटवर अनेकांनी मिळून खेळायचा खेळ. कोपनहेगनच्या पाच विद्यार्थ्यांनी केलेलं डिकूमड १९९१ साली लोकांपुढे आलं, त्याच घराण्यातला हा खेळ. चित्र एकही नाही, सगळं शब्दांत.

इथला एक तास आपल्या ७५ सेकंदांचा. तास भरला की टिक होतो, आणि त्याच क्षणी जखमा भरतात, मंत्रशक्ती परत येते. किती, ते तुम्ही तेव्हा काय करताय त्यावर ठरतं. झोपलेल्याला मंत्रशक्ती उभ्या माणसाच्या दुप्पट मिळते. मग ७५ सेकंद लोळत का पडायचं? टिकच्या पाच सेकंद आधी झोपावं, टिक झाला की उठावं!

हे काम खेळाडू क्लायंटवर, म्हणजे खेळाशी जोडून देणाऱ्या आपल्या संगणकावरच्या प्रोग्रामवर, सोपवतात. मडलेट नावाच्या क्लायंटमध्ये ‘टेम्पटायमर’ला सांगायचं: ७० सेकंदांनी झोपेची आज्ञा पाठव. पण खेळ चालवणारा सर्व्हर फार वेळ अडखळला तर त्याचा तास लांबतो आणि आपली मोजणी चुकते. म्हणून सूर्योदयाच्या ओळीवर ट्रिगर, म्हणजे ती ओळ येताच आपोआप चालणारी सूचना, लावतात. ओळ दिसली की मोजणी पुन्हा शून्यापासून.

इथे क्रम फार महत्त्वाचा आहे. टायमर लावताना मिळालेला क्रमांक जपून ठेवायचा, ‘किलटायमर’नं आधी जुना टायमर मारायचा, मगच नवा लावायचा. जुना जिवंत राहिला तर राक्षसाच्या दाराशी उभं असताना झोपेची आज्ञा जाते, आणि तुम्ही तिथेच आडवे होता. उठण्याचा टायमर वेगळा, तोही मारावा लागतो. हा दुसरा हमखास विसरला जातो.

आणि मला या खेळात सगळ्यात आवडलेली गोष्ट: सूर्योदयाची ओळ फक्त जागं असलेल्याला आणि उघड्यावर असलेल्याला दिसते. सूर्य टिकलाच उगवतो, आणि नेमके तेव्हाच आपण झोपलेले!

इथला दिवस २४ टिकांचा, म्हणजे अर्ध्या तासाचा. म्हणून क्लायंटमधली ही सगळी आज्ञावली, म्हणजे स्क्रिप्ट, टिकही मोजते. तेवीस वेळा झोपवते. चोविसाव्या वेळी झोपेची आज्ञा रोखून धरते, आणि खेळाडू छपराखालून बाहेर येऊन पूर्वेकडच्या ओळीची वाट बघत उभा राहतो.