आधी श्वास सोडा

श्रोतेहो, नमस्कार. माझं बोलणं ऐकता ऐकता एक गोष्ट करून पाहा. गाडी चालवत असाल तर मात्र नको. छाती भरून श्वास घ्या. आता त्यातला अगदी थोडासा सोडा आणि लगेच त्याच्यावर आणखी श्वास घ्या. पुन्हा थोडासा सोडा, पुन्हा घ्या. तिसऱ्या खेपेला छाती गच्च होते, खांदे कानांशी येतात आणि हवा आत जाईचना. वाटतं, श्वास पुरत नाहीये. छाती तर काठोकाठ भरलेली आहे! पालथ्या घड्यावर पाणी, असं आपण म्हणतो. इथे घडा सरळच आहे, पण आधीच भरलेला. पुरे झालं. सगळी हवा सावकाश सोडून द्या.

घाबरल्यावर धाप लागते ती अशीच. ही काही सेकंदांची गंमत मला कोणी वेळेवर दाखवली असती, तर एक रात्र वाचली असती.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. नोकरी जाणार अशी कुणकुण लागली होती. रात्री साडेअकराच्या सुमाराला खुर्चीत नुसता बसलो होतो. काहीच करत नव्हतो, हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल. आधी जांभया आल्या, मग दोन-चार मोठे उसासे. मग ओठांभोवती मुंग्या. डॉक्टर त्याला काहीही म्हणोत, मला वाटलं ओठ सुजले. छाती आवळल्यासारखी झाली, डोकं हलकं झालं, खोली जराशी लांब गेल्यासारखी वाटली. धाकटी बहीण धावत आली आणि जगातलं कोणीही अशा वेळी म्हणेल तेच म्हणाली, "दादा, घाबरू नकोस, दीर्घ श्वास घे." मी घेतला. एक नाही, वीस घेतले. पाच मिनिटांत दोन्ही हातांची बोटं ताठ होऊन एकमेकांना चिकटली, चोचीसारखी. मनगट आत वळलं. फोनचं कुलूप उघडायला अंगठा लांब होईना. अर्धांगाचा झटका आला, असं मी तेव्हा ठामपणे ठरवून टाकलं.

रुग्णालयात ईसीजी काढला, तो ठीक निघाला. बोटाला चिमटा लावला, आकडा ९९. म्हणजे रक्तात ऑक्सिजन शिगोशीग, आणि मी मात्र हवेसाठी तडफडतोय. तिथल्या तरुण डॉक्टरांनी "काही नाही, टेन्शन घेऊ नका" म्हणून कागद हातात दिला. राग आला. वळलेली बोटं समोर धरून बसलेल्या माणसाला "काही नाही" म्हणणं हे काही उत्तर नव्हे. उत्तर दिलं ते रात्रपाळीच्या सिस्टरनी. जाता जाता म्हणाल्या, "श्वास घेऊ नका हो इतका. सोडा आधी."

त्या एका वाक्यात सगळं शरीरशास्त्र आहे. आपल्याला वाटतं, ऑक्सिजन कमी झाला की श्वासाची ओढ लागते. एरवी, धडधाकट माणसाचा श्वास मुख्यतः चालवतो तो कार्बन डायऑक्साइड. हॉल्डेन आणि प्रीस्टली या शास्त्रज्ञांनी १९०५ मध्ये हे प्रयोगांनी दाखवून दिलं. आपण या वायूला टाकाऊ समजतो, पण रक्ताचा आम्ल-अल्कली तोल बराचसा त्याच्या जिवावर चालतो. स्वस्थ बसलेला मोठा माणूस मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास घेतो, एका श्वासात अर्धा लिटरभर हवा. तेवढी पुरते.

आता भीती वाटली की शरीर पळायच्या तयारीला लागतं. श्वास वाढतो. खरंच पळालात तर स्नायू भरपूर कार्बन डायऑक्साइड तयार करतात, वाढलेला श्वास तो बाहेर टाकतो, हिशोब जुळतो. मी मात्र खुर्चीत बसलो होतो. तयारी शर्यतीची आणि पाय जागच्या जागी. आवक वाढली नाही, खर्च तेवढा वाढला. रक्तातला कार्बन डायऑक्साइड घसरला आणि रक्त अल्कलीकडे झुकलं. तसं झालं की रक्तातलं मोकळं कॅल्शियम प्रथिनांना जास्त चिकटतं. मज्जातंतू उतावळे होतात, आपणहून संदेश सोडू लागतात. त्या मुंग्या, ती वळलेली बोटं, हे त्यांचं काम. मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून डोकं हलकं होतं, समोरचं धूसर वाटतं. आणि सगळ्यात चमत्कारिक भाग: अशा वेळी हिमोग्लोबिन ऑक्सिजनला जास्त घट्ट धरून ठेवतं, पेशींना सहजी सोडत नाही. क्रिस्टियान बोर या शास्त्रज्ञांनी १९०४ मध्ये सांगितलेला हा परिणाम. म्हणजे जितका हवेसाठी हपापाल, तितकी पेशींपर्यंत ती कमी पोचणार. बोटाचा चिमटा ९९ दाखवतो तो खोटं बोलत नाही. माल गोदामात आहे, दारापर्यंत येत नाहीये.

छातीतलं दुखणं पुष्कळदा बरगड्यांमधल्या स्नायूंचं असतं, तासभर भाता ओढल्यावर ते दुखणारच. तोंड कोरडं पडतं, कारण श्वास तोंडाने चालतो. ढेकर येतात, कारण हवा गिळली जाते. मेंदूचा आलेख म्हणजे ईईजी काढताना तुम्हाला मुद्दाम तीन मिनिटं जोरजोरात श्वास घ्यायला सांगतात. तेव्हाही कित्येकांच्या बोटांना मुंग्या येतात. मनात भीतीचा लवलेश नसला तरी येतात. मला हे कळल्यावर जो दिलासा मिळाला तो कुठल्याही गोळीने दिला नसता.

मग करायचं काय? सिस्टरनी सांगितलं तेच. सुरुवात बाहेर टाकण्यापासून. ओठ चंबूसारखे करून, गरम चहावर फुंकर मारतो तितक्या हळू सोडायचं, पोट आत जाईपर्यंत. मग नाकाने, थोडासाच घ्यायचा, आपण झोपेत घेतो तितकाच. चार आकडे मोजेपर्यंत आत, सहा मोजेपर्यंत बाहेर, असं जमलं तर मिनिटाला सहा श्वास होतात. चार-सहा जमत नसेल तर दोन-तीन करा. सोडणं घेण्यापेक्षा लांब असलं म्हणजे झालं. श्वास सोडताना हृदयाचे ठोकेही किंचित मंदावतात, तेही आपल्याच बाजूचं. एक हात पोटावर ठेवा, हलायला हवा तो हा हात. छातीवरचा जवळपास स्वस्थ. पहिली दोन मिनिटं श्वास अपुरा वाटेल, मोठा घोट घ्यावासा वाटेल. तिथेच सगळे हरतात. तो मोह आवरला, एक आवंढा गिळला, की काही मिनिटांत मुंग्या उतरू लागतात. सराव मात्र बरं वाटत असताना करायचा. बुडायला लागल्यावर पोहायला कोण शिकतं?

आपली भाषा गंमतीची आहे. "सुटकेचा निःश्वास टाकला" म्हणतो आपण. टाकला, घेतला नाही. आणि घाबरलेल्याला सल्ला देताना नेमकं उलटं सांगतो.

चित्रपटांत दिसते ती कागदी पिशवी तोंडाला लावू नका. धाप दम्याची किंवा हृदयाची निघाली, तर पिशवीतला कमी होत जाणारा ऑक्सिजन जिवावर बेतू शकतो. तसंच, असं पहिल्यांदाच होत असेल, छातीतलं दुखणं हातात किंवा जबड्यात जात असेल, ओठ निळे पडले असतील, ताप असेल, एका पायाला सूज असेल, किंवा मधुमेह असून श्वास खोल आणि जोरात चालत असेल, तर मोजत बसायचं नाही, थेट रुग्णालय. फुप्फुसातली गुठळी आणि दमासुद्धा अशीच धाप लावतात. हे वारंवार होत असेल तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. भीतीवर उपचार आहेत आणि ते लागू पडतात.

जवळच्या माणसाला होत असेल तर "शांत हो" म्हणू नका, कोणी सांगून शांत झालेलं मी पाहिलेलं नाही. शेजारी बसा आणि तुमचा स्वतःचा श्वास ऐकू येईल असा सावकाश सोडा. त्याला बोलतं ठेवा, कारण बोलायचं म्हणजे श्वास सोडावाच लागतो. माझ्या बहिणीने आता यावर आपला उपाय काढलाय. माझे उसासे वाढले की आतूनच ओरडते, "दादा, सतराचा पाढा!" एका श्वासाला एक ओळ, हा नियम. सतरा एके सतरा. सतरा दुणे चौतीस. सतरा त्रिक एक्कावन्न. सतरा चोक अडुसष्ट. सतरा पाचे पंच्याऐंशी. सतरा सकला मी हटकून अडतो, ती हसते, आणि तोवर बोटं मोकळी झालेली असतात.

नमस्कार.