घुमट कुणाचा, कमान कुणाची?

(दृश्य: ओव्हल मैदान, रविवार सकाळ. एकाच मैदानात पाच-सहा सामने. मागे राजाबाई टॉवर.)

जुनं सचिवालय, विद्यापीठ, हायकोर्ट, सार्वजनिक बांधकाम खात्याची कचेरी. सगळ्या एका रांगेत, तोंडं पश्चिमेला. या बांधल्या तेव्हा समोर मरीन ड्राइव्ह नव्हता. मैदान संपलं की थोड्याच अंतरावर समुद्र.

बार्टल फ्रिअर १८६२ मध्ये मुंबईचे गव्हर्नर झाले आणि त्यांनी कोटाची तटबंदी पाडायला घेतली. मोकळ्या झालेल्या जागेवर सरकारी इमारती उठल्या, त्या गॉथिक, म्हणजे टोकदार कमानींच्या जुन्या युरोपीय शैलीतल्या. विलायतेत तेव्हा याच शैलीची चलती होती. सचिवालय कर्नल विल्किन्स यांचं, हायकोर्ट कर्नल फुलर यांचं. दोघेही लष्करी इंजिनिअर. विद्यापीठाचा आराखडा करणारे गिल्बर्ट स्कॉट तर मुंबईत कधी आलेच नाहीत! लंडनहून नकाशे आले, इथल्या हातांनी दगड घडवला.

(दृश्य: हायकोर्टाचं कोरीव काम, अगदी जवळून.)

हे माकड नीट बघा. हातात न्यायाचा तराजू, डोळ्यावर पट्टी. पण पट्टी एकाच डोळ्यावर. हे कुणी कोरलं, कुणावर राग काढला, याच्या कोर्टात अनेक कथा ऐकायला मिळतात. शैली सरकारनं ठरवली खरी, पण छिन्नी काही सरकारच्या हातात नव्हती.

महापालिकेच्या इमारतीच्या वेळी रॉबर्ट चिशोम यांनी भारतीय वळणाचा आराखडा दिला होता. तो मागे पडला आणि काम मिळालं व्हीटी स्टेशन (आजचं सीएसएमटी) बांधणाऱ्या स्टीव्हन्स यांना. १८९३ मध्ये इमारत पूर्ण झाली, अर्थातच गॉथिक.

(दृश्य: जीपीओचा, म्हणजे मुख्य टपाल कचेरीचा घुमट.)

आणि मग वीस वर्षांत वारं फिरलं. १९१३ मध्ये पूर्ण झालेल्या जीपीओवर चक्क विजापूरच्या गोलघुमटाच्या धर्तीचा घुमट चढला. आर्किटेक्ट जॉन बेग, मुंबई सरकारचे सल्लागार. त्यांच्यानंतर त्या जागेवर आलेल्या जॉर्ज विटेट यांनी प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमवर (आजचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय) तसाच घुमट बसवला आणि गेटवेसाठी सोळाव्या शतकातल्या गुजरातच्या कमानी घेतल्या. विजापूर आणि गुजरातच का? दोन्हीकडचा मुलूख मुंबई इलाख्यात, म्हणजे ब्रिटिशांच्या मुंबई प्रांतात होता. शिवाय परक्या राज्यकर्त्यांना आता आपण इथल्या सुलतान-बादशहांचे वारस आहोत असं दाखवायचं होतं, आणि त्यासाठी घुमटाइतकी सोयीची गोष्ट नाही. शैली बदलायला वेगळा कायदा कशाला हवा? सरकार काम कुणाला देतं, त्यात सगळं येतं.

(दृश्य: म्युझियमचा मधला दिवाणखाना. कॅमेरा खाली येतो, लाकडी खांबांवर थांबतो.)

हे खांब, हे कठडे अठराव्या शतकातल्या एका वाड्याचे. विटेटनी ते या दिवाणखान्यात बसवले. म्हणजे मराठी वाड्यालाही जागा मिळाली, पण आत. रस्त्यावरून दिसतं ते विजापूरच.